कुणी न पाहिलेला ग्रह

‘एलीट डेंजरस’ या अवकाश-खेळातली आकाशगंगा आपल्या खऱ्या आकाशगंगेएवढीच मोठी आहे. तिच्यात सुमारे ४०० अब्ज ग्रहमाला आहेत. केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये हा खेळ बाजारात आणला आणि तेव्हापासून जगभरचे खेळाडू त्या आकाशगंगेत यानं घेऊन हिंडताहेत. तरी हजारांतली एक ग्रहमालाही अजून कुणाच्या नजरेखालून गेलेली नाही. बाकीच्या कुणाच्याही पडद्यावर कधी उमटलेल्याच नाहीत. त्यांतल्या एखाद्या बर्फाळ ग्रहाबद्दल कुणी विचारलं, की आत्ता, कुणी तिथं पोचण्याआधी, तो आहे की नाही, तर काय उत्तर द्यायचं?

हा प्रश्न संगणकाने नव्याने निर्माण केलेला नाही. न पाहिलेली वस्तू असते का, पाहिल्याने तिच्यात काही बदलतं का, यावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतकं वाद घातला आहे. त्या वादातल्या मंडळींना हाताशी घड्याशिवाय आणि दोरीवरच्या सापाशिवाय फारसं काही नव्हतं. या खेळाने मात्र त्यांच्या प्रश्नाला एक असं उदाहरण पुरवलं आहे, की ज्याच्या आतली सगळी रचना माणसानेच केलेली असल्यामुळे ती उघडून तपासता येते.

आधी ती रचना. हे ग्रह कुठंही साठवून ठेवलेले नाहीत. ४०० अब्ज ग्रहमालांचे नकाशे मावतील असा घरगुती संगणक नाही. त्याऐवजी स्टेलर फोर्ज नावाची यंत्रणा आहे. आकाशगंगेच्या त्या भागात द्रव्य किती, जड मूलद्रव्यांचं प्रमाण किती, तारे किती जुने, यावरून ती तारे आणि ग्रह हिशेबाने काढते: कोणता ग्रह ताऱ्यापासून किती लांब, त्याचं वस्तुमान किती, त्याच्यावर हवा टिकेल की नाही. खऱ्या तारासूचींमधले सुमारे १,६०,००० तारे आपापल्या जागी बसवलेले आहेत; बाकी सगळं या हिशेबातून येतं. खेळाडू एखाद्या ग्रहमालेत शिरला की हिशेब मांडला जातो, बाहेर पडला की पुसला जातो. पण बीज, म्हणजे हिशेबाचा सुरुवातीचा आकडा, तेच आणि नियम तेच, म्हणून कितीदाही मांडला तरी उत्तर तेच. मुंबईतल्या खेळाडूला जे विवर दिसलं, ते ब्राझीलमधल्या खेळाडूलाही त्याच जागी दिसतं.

युक्ती जुनी आहे. १९८४ साली डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी पहिला ‘एलीट’ बीबीसी मायक्रोसाठी लिहिला, तेव्हा त्या संगणकाची स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती. तेवढ्यात त्यांनी ८ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रहमाला. ग्रहांची नावंसुद्धा आकड्यांवरूनच, अक्षरांच्या जोड्या लावून तयार होत. तपासताना असं लक्षात आलं, की एका आकाशगंगेतल्या ग्रहाला आपोआप एक अश्लील नाव पडलं आहे, आणि ती अख्खी आकाशगंगा टाकून द्यावी लागली. किस्सा गमतीचा म्हणून सांगितला जातो, पण त्याच्यात एक गंभीर गोष्ट आहे. ज्यांनी विश्व निर्माण केलं, त्यांनाही आपल्या विश्वात काय आहे हे आत जाऊन बघावं लागलं. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे विचारवंत, कर्त्याचं लक्षण सांगताना म्हणतात, की ज्याला उपादानाचं, म्हणजे वस्तू ज्यातून घडते त्या सामग्रीचं, साक्षात ज्ञान आहे, निर्माण करण्याची इच्छा आहे आणि तसा प्रयत्न आहे, तो कर्ता. उदयनाचार्यांसारखे विचारवंत याच वाटेने ईश्वराच्या सिद्धीकडे जातात. ब्रेबन आणि बेल या लक्षणात बसतात, कारण उपादान, म्हणजे बीज आणि नियम, त्यांना पुरते ठाऊक होते. कार्य मात्र ठाऊक नव्हतं. सर्वज्ञ नसलेला कर्ता कसा असेल, याचं इतकं नेमकं उदाहरण दुसरीकडे सापडणं कठीण आहे.

मग कार्य कुठं होतं? सांख्य म्हणेल, कारणातच होतं. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत नवव्या कारिकेत सत्कार्यवादाची पाच कारणं दिली आहेत आणि त्यांचा गाभा परंपरेने चालत आलेल्या एका दाखल्यात येतो: तेल तिळांतून निघतं, वाळूतून निघत नाही, कारण तिळांत ते अव्यक्त रूपाने असतंच. तो बर्फाळ ग्रहही असाच बीजात आहे. त्या बीजातून तोच निघणार, दुसरा नाही. यावर न्याय-वैशेषिकांचा जुना सवाल येतो: घडा जर मातीत आधीच असेल तर कुंभाराने चाक कशाला फिरवायचं, आणि मातीच्या गोळ्यात पाणी का भरता येत नाही? सवाल इथंही लागू पडतो. सूत्रावर यान उतरवता येत नाही. उतरायचं तर हिशेब मांडावा लागतो, प्रोसेसरला राबावं लागतं, तेव्हा कुठं पायाखाली जमीन येते. सांख्य म्हणतं, ती फक्त अभिव्यक्ती. नैयायिक विचारतो, मग ती अभिव्यक्ती तरी आधी होती की नवी? या फेऱ्यातून सांख्याला सहजी बाहेर पडता आलेलं नाही, आणि खेळाच्या बाबतीतही पडता येत नाही. ग्रह कसा असेल हे ठरलेलं आहे. तेवढ्याने तो ग्रह झाला, असं म्हणायला मन धजत नाही.

अद्वैत वेदान्ताने इथं एक बारीक भेद करून ठेवला आहे आणि तो फार उपयोगी आहे. दोरीवर भासलेला साप प्रातिभासिक: दिसतो तेवढाच वेळ असतो, आणि ज्याला दिसतो त्याच्यापुरताच. घडा व्यावहारिक: कुणी बघत नसतानाही त्याला सत्ता आहे. तिला अज्ञातसत्ता म्हणतात, म्हणजे कुणाला माहीत नसतानाचं असणं. वेदान्तातच प्रकाशानंदांसारखे दृष्टिसृष्टिवादी या भेदाला मान देत नाहीत. त्यांच्या मते दिसणं हेच निर्माण होणं, आणि घडाही सापाच्याच पंक्तीला. वरवर पाहता खेळातला ग्रह म्हणजे दृष्टिसृष्टिवादाचा साक्षात पुरावा वाटतो. खेळाडू आला, ग्रह झाला; गेला, ग्रह नाहीसा.

पण तसं नाही. एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन खेळाडू, वर्षा-दोन वर्षांच्या अंतराने, तिथं जातात आणि दोघांना तेच विवर, तोच उतार दिसतो. स्वप्नाचं असं होत नाही. एकाच्या स्वप्नातलं घर दुसऱ्याला जाऊन तपासता येत नाही. जे तपासता येतं, ज्याच्याबद्दल चूक होऊ शकते आणि ती चूक दुसरा कुणी दाखवून देऊ शकतो, त्याला त्या खेळाच्या मर्यादेत का होईना, अज्ञातसत्ता आहेच. पडद्यावरचं चित्र प्रातिभासिक असेल. ग्रहाचा स्वभाव नाही.

आता शोध प्रत्यक्षात कसा चालतो ते जवळून पाहायला हवं, कारण खरा तत्त्वप्रश्न तिथं आहे.

यान नव्या ग्रहमालेत येतं तेव्हा समोर फक्त तारा असतो. खेळाडू, ज्याला तिथं कमांडर म्हणतात, एक कळ काही सेकंद दाबून धरतो आणि यानातून भोंग्यासारखा एक लांब, खालच्या पट्टीतला आवाज निघतो. खेळाडूंच्या बोलीत याला ‘हॉंक’ म्हणतात. त्याने एवढंच कळतं, की इथं अमुक इतके पिंड आहेत. कोणते, कुठं, कसे, काही नाही. पुढचं काम फुल स्पेक्ट्रम सिस्टिम स्कॅनरचं. यान जवळजवळ थांबवायचं, यंत्र उघडायचं, की समोर ग्रहमालेच्या पातळीत निळसर धूसर ठिपके पसरलेले दिसतात. पडद्याच्या खाली एक पट्टी असते आणि तिच्यावर ठिकठिकाणी उंचवटे. पट्टीवरचा काटा रेडिओवर स्टेशन लावावं तसा हळूहळू सरकवायचा. डावीकडे लघुग्रहांचे पट्टे आणि खडकाळ पिंड, पुढे बर्फाळ, त्यापुढे पृथ्वीसारखे आणि पाण्याचे ग्रह, उजवीकडे वायूचे राक्षसी गोळे. काटा बरोबर उंचवट्यावर आला की त्या जातीचे ठिपके उजळतात; मग नेम धरून जवळ जायचं. काटा चुकीच्या जागी असेल तर यंत्र पुढे जाऊ देत नाही. बरोबर असेल तर धुक्यातून ग्रह साकारतो: त्याचे ढग, त्याची कडी, त्याच्यावरच्या ज्वालामुखींच्या किंवा सजीवांच्या खुणांची संख्या. मुरलेले खेळाडू पट्टीवर नजर टाकताच सांगतात, की इथं पृथ्वीसारखा ग्रह आहे. जवळ जाण्याची त्यांना गरज नसते. तरी ते जातात.

न्यायशास्त्राचं ‘तर्कसंग्रह’ हे प्रारंभीचं पुस्तक शिकलेल्या कुणालाही यातला क्रम ओळखीचा वाटेल. आधी ‘काहीतरी आहे’ एवढंच निर्विकल्पक ज्ञान. मग जाती-गुणांसह ‘हा अमुक आहे’ असं सविकल्पक. आणि दोहोंच्या मध्ये, उंचवट्यावरून जात ओळखणं, हे धुरावरून अग्नी ओळखण्यासारखं सरळ अनुमान. डिसेंबर २०१८ च्या सुधारणेआधी असा क्रम नव्हता. तेव्हा उत्तम प्रतीचा स्कॅनर घेतला, की एका हॉंकमध्ये सगळ्या ग्रहांची चित्रं नकाशावर हजर होत. नवी पद्धत आली तेव्हा जुन्या खेळाडूंपैकी बरेच नाराज झाले. एका दृष्टिक्षेपात अख्खी ग्रहमाला समजण्याचा आनंद गेला, हे त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. तरीही नवी पद्धत सत्याच्या जास्त जवळ आहे असं म्हणावंसं वाटतं. तिच्यात प्रत्येक ग्रहाकडे वेगळं वळावं लागतं. ज्ञान एकगठ्ठा मिळत नाही. लक्ष दिल्याशिवाय काहीही समोर येत नाही.

आणि काही नाही, हे कसं कळतं? मीमांसक कुमारिल भट्टांच्या परंपरेने अनुपलब्धी, म्हणजे न दिसणं, हे सहावं प्रमाण मानलं; पण अट घातली, की न दिसणारी वस्तू दिसण्याजोगी असली पाहिजे. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. दिवा लावल्यावर दिसला नाही तर म्हणता येतं. पट्टीवर तिथं उंचवटाच नसेल तर पृथ्वीसारखा ग्रह नाही, हे खेळाडू खात्रीने सांगतो. नुसत्या हॉंकच्या जोरावर त्याला हे म्हणता येत नाही. दिवा लावलेला असणं म्हणजे काय, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं यंत्र क्वचितच मिळतं.

यापुढची गोष्ट सर्वांत विलक्षण आहे. ग्रह ओळखला, हवं तर त्याच्याभोवती यंत्रशोधक सोडून पृष्ठभागाचा नकाशाही केला (ते पलीकडच्या बाजूला पोचावेत म्हणून ग्रहाच्या कडेजवळून असे मारायचे, की त्याचं गुरुत्वाकर्षण त्यांना वळवून मागे नेईल, हे जमायला लागलं की हात आपोआप अंदाज घेतो). पण शोध अजून झालेला नाही. ती माहिती एखाद्या वस्तीपर्यंत परत नेऊन युनिव्हर्सल कार्टोग्राफिक्स या नकाशेवाल्या संस्थेला विकावी लागते. तेव्हाच ग्रहाच्या माहितीत ‘प्रथम शोध’ म्हणून त्या कमांडरचं नाव लागतं आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला ते दिसतं. वाटेत यान फुटलं, तर न विकलेली सगळी माहिती गेली. आणि दोघांनी एकच ग्रह पाहिला असेल, तर नाव लागतं ते आधी विकणाऱ्याचं. आधी पाहिलं कुणी, याला काही किंमत नाही.

पुन्हा कुमारिलांकडे वळायला हवं. त्यांच्या परंपरेतल्या, म्हणजे भाट्ट, मीमांसकांचं असं मत, की वस्तूचं ज्ञान झालं की त्या वस्तूत एक नवा धर्म उत्पन्न होतो: ज्ञातता. घडा होताच, आता तो ‘ज्ञात’ घडा झाला. आपल्याला ज्ञान झालं हे आपण त्या ज्ञाततेवरूनच ओळखतो. नैयायिकांना हे मुळीच पटलं नाही. होऊन गेलेल्या आणि अजून न झालेल्या वस्तूंचंही ज्ञान होतं. ज्या वस्तू नाहीतच त्यांच्यात नवा धर्म उत्पन्न व्हायचा कसा? ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे, तो ज्ञात्याकडेच राहतो. वस्तूला त्याचा स्पर्शही नाही. अद्वैती आणखी तिसरंच म्हणतात, की ज्ञानाने काही जोडलं जात नाही, फक्त आवरण दूर होतं. त्यातही ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणात अज्ञान हे स्वतंत्र काही आहे, ही कल्पनाच खोडून काढायला घेतली आहे; मग दूर व्हायचं आवरण तरी कसलं?

ग्रहावरचं ‘प्रथम शोध’ हे नाव पाहिलं की पहिल्या क्षणी कुमारिल जिंकल्यासारखे वाटतात. ज्ञातता इथं डोळ्यांना दिसते; ग्रहाच्या वर्णनात वस्तुमान आणि तापमान यांच्याच शेजारी लिहिलेली असते. पण रचना उघडून पाहिली की चित्र बदलतं. ग्रहाचं वस्तुमान बीजातून निघतं. कमांडरचं नाव कुठल्याही बीजातून निघणार नाही. ते वेगळं नोंदवून ठेवावंच लागतं आणि ग्रह पडद्यावर आला की त्याच्याशेजारी आणून मांडावं लागतं. ग्रहात कण बदललेला नाही. बदललेली आहे ती एक सामाईक वही. म्हणून नैयायिक बरोबर ठरतात, पण अर्धेच. त्यांचं ज्ञान एकेका आत्म्यात राहतं, आणि हा खेळ नेमकं तेच नाकारतो. यान फुटून नाहीसा झालेला कमांडर पुन्हा नव्या यानात बसतो, त्याला आपण काय पाहिलं ते आठवतंही. तरी नोंद होत नाही. इथं ज्ञातता ना वस्तूत आहे ना एकट्या ज्ञात्यात. ती लोकांत आहे. पाहणं एकट्याचं असू शकतं, शोध नाही, असा ठाम निवाडा या नियमात आहे, आणि तो पटतो.

खऱ्या खगोलशास्त्राचाही अनुभव हाच. गॅलिलिओने डिसेंबर १६१२ मध्ये आणि पुन्हा जानेवारी १६१३ मध्ये गुरू पाहताना जवळच एक तारा टिपून ठेवला. तो नेपच्यून होता. डोळ्यांसमोर होता, वहीत होता, फक्त ग्रह म्हणून माहीत नव्हता. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाल्ले यांनी तो शोधला, तो ल व्हेरिए यांनी हिशेबाने काढून पाठवलेल्या जागेपासून एका अंशाच्याही आत. नेपच्यून गॅलिलिओने ‘पाहिला’, पण ‘शोधला’ असं कुणी म्हणत नाही.

आणि एकदा खेळातला हिशेबाचा ग्रह आणि आकाशातला ग्रह समोरासमोर आले. फेब्रुवारी २०१७ मध्ये नासाने जाहीर केलं, की सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या मंद ताऱ्याभोवती पृथ्वीच्या आकाराचे ७ ग्रह आहेत. खेळाडूंनी खेळातल्या आकाशगंगेत त्या बाजूला शोधलं. तिथं, सुमारे ३९ प्रकाशवर्षांवर, स्टेलर फोर्जने एक तपकिरी बटू तारा आधीच काढून ठेवला होता आणि त्याच्याभोवती ७ खडकाळ ग्रह. यात दैवी काही नाही. त्या भागात न दिसलेलं किती वस्तुमान असावं याचा अंदाज यंत्रणेने केला होता, तो जवळ आला. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट त्यानंतरची आहे. कंपनीने पुढच्या आवृत्तीत ती ग्रहमाला बदलली, तिला ट्रॅपिस्ट-१ हे नाव दिलं, आणि ग्रह नव्या निरीक्षणांशी जुळवून घेतले. म्हणजे खेळातल्या ग्रहांची अज्ञातसत्ता शेवटी उसनी आहे. खऱ्या आकाशापुढे ती बाधित होते. दोरी कळल्यावर साप जसा राहत नाही, तसा तो जुना हिशेब राहिला नाही. वेदान्ती म्हणतील, व्यवहाराच्या आत आणखी एक व्यवहार, आणि बाहेरचा आतल्याला रद्द करू शकतो. आपला हा बाहेरचा व्यवहार अशाच आणखी कशाने तरी रद्द होणार का, हा त्यांचा मूळ प्रश्न, आणि तो तर्काने टाळता येत नाही.

एवढं असून लोक का जातात, हेही विचारायला हवं, कारण वाटेतल्या बहुतेक ग्रहमालांत बर्फ आणि दगडच असतात आणि चांगला पैसा मोजक्या जातींच्या ग्रहांनाच मिळतो. जानेवारी २०१९ मध्ये खेळाडूंनीच आखलेली ‘डिस्टंट वर्ल्ड्स २’ ही मोहीम निघाली. तिच्यात १३,००० हून अधिक कमांडर होते आणि मुक्काम होता सूर्यापासून सुमारे ६५,००० प्रकाशवर्षांवरचा बीगल पॉइंट. नाव अर्थातच डार्विनच्या जहाजावरून. वाटेत इंधन संपलेल्यांसाठी ‘फ्यूएल रॅट्स’ नावाचा खेळाडूंचा गट आहे. कितीही लांब अडकलेल्याला ते इंधन नेऊन देतात आणि मोबदला मागत नाहीत. अशा प्रवासांत पुष्कळ जण प्रत्येक बर्फाळ गोळा ओळखून मगच पुढे जातात, कमाई अगदी नगण्य असताना. त्यांना विचारलं तर ते एवढंच सांगतात, की अर्धवट पाहिलेली ग्रहमाला मागे सोडवत नाही.

उद्या खेळाचे सगळे सर्व्हर बंद झाले तर काय उरेल, या प्रश्नाचं उत्तर मात्र वरच्या युक्तिवादातून सरळ मिळतं. बीज, नियम आणि हाताने बसवलेल्या ताऱ्यांची यादी कुणाकडे शिल्लक असेल, तर ४०० अब्ज ग्रहमाला विवरा-विवरासह पुन्हा काढता येतील, एकही कमी नाही. तो कुणी न पाहिलेला ग्रह आणि लाखोंनी पाहिलेला ग्रह, दोन्ही सारखेच परत येतील. परत येणार नाहीत ती नावं. कोण कुठं पहिल्यांदा गेलं, कुणी पृष्ठभागाचा नकाशा केला, कुणी १३,००० जणांच्या मोहिमेतून दुसऱ्या टोकाला पोचलं, हे कुठल्याही बीजातून निघत नाही. ती वही नाहीशी झाली, तर ते ज्यांनी पाहिलं त्यांनी एकमेकांना सांगितलेलं तेवढंच राहील.